सोडतां येणारा अलंकार

दागिन्यांच्या डब्यांत एखादा डाग असा असतो कीं, त्याची गणना धड स्त्रीधनांतहि होत नाहीं आणि मोडींतहि होत नाहीं. आमच्या मातोश्रींच्या डब्यांत असें एक चांदीचें ब्रूच होतें. पिंपळपानाचा आकार, त्यावर बारीक कोरलेल्या शिरा, आणि मागें काटा. सभेस किंवा लग्नसमारंभास जातांना पदर खांद्यावरून घसरूं नये म्हणून त्या तें लावीत. घरीं परतल्या कीं प्रथम तें काढून डब्यांत ठेवीत आणि मगच पाणी पीत. त्यांच्या पश्चात् डबा आमच्याकडे आला व यथाकाल बँकेच्या तिजोरींत गेला. आमच्या धाकट्या भगिनीनें एकदां तें ब्रूच मागितलें होतें. "घरची वस्तु घरांत असूं दे," असें आम्हीं उत्तर दिलें. तिनें पुन्हां तो विषय काढला नाहीं, आणि आम्हांसहि त्याचें विस्मरण पडलें.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत तिची कन्या आजोळीं राहावयास आली, ती एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ बरोबर घेऊनच. तीन दिवस तिनें त्यांतून डोकें वर काढलें नाहीं. चौथ्या दिवशीं जेवतां जेवतां तिनें विचारलें, "मामा, आजीचें तें पानाचें ब्रूच अजून आहे का हो?"

"आहे कीं. कां बरें?"

"ह्या गोष्टींत अगदीं तसेंच आहे एक. पण त्यांतलें टाकून दिलें म्हणून उपयोगी पडलें!"

ह्या उत्तराचा अर्थ आम्हांस लागेना, म्हणून पोरीचें वाचून होतांच आम्हीं तो ग्रंथ हातीं घेतला. पुढील मजकूर हें त्या वाचनाचें फळ होय.

ग्रंथ म्हणजे जे. आर्. आर्. टोल्किन ह्यांची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही तीन खंडांची अद्भुत कथा. पहिले दोन खंड १९५४ सालीं व तिसरा १९५५ सालीं प्रसिद्ध झाला. २००१, २००२ व २००३ ह्या वर्षीं तिच्यावर तीन चित्रपट निघाले, आणि तेव्हांपासून आपल्याकडील तरुण मंडळींसहि ती चांगलीच परिचित झाली. टोल्किन (१८९२–१९७३) हे ऑक्सफर्ड येथील प्राध्यापक. १९२५ पासून वीस वर्षें ते अँग्लो-सॅक्सन, म्हणजे हजार-बाराशें वर्षांपूर्वींची इंग्रजी, ह्या विषयाच्या अध्यासनावर होते. त्या काळच्या भाषेबरोबर त्या काळचीं शस्त्रें, वस्त्रें व भूषणें त्यांच्या चांगल्याच परिचयाचीं होतीं, आणि आपली कल्पसृष्टि सजवितांना त्यांनीं त्याच कोठारांतून सामान काढलें.

कथेचें बीज थोडक्यांत असें: सॉरॉन नांवाच्या दुष्ट अधिपतीनें सर्वांवर सत्ता चालविण्यासाठीं घडविलेली एक सोन्याची अंगठी दैवयोगानें फ्रोडो नामक एका ठेंगू जमातीच्या, म्हणजे हॉबिट लोकांच्या, साध्यासुध्या गृहस्थाच्या हातीं पडते. ती ज्या ज्वालामुखीच्या अग्नींत घडली त्याच अग्नींत नेऊन टाकली तरच तिचा नाश होणार. त्या प्रवासाची ही कथा. ग्रंथाचें नांवच अंगठीवरून पडलेलें असल्यामुळें वाचकाचें लक्ष तिच्यावर खिळतें, यांत नवल नाहीं. परंतु ह्या कथेंत दुसराहि एक अलंकार महत्त्वाच्या स्थळीं पुनः पुनः डोकावतो, आणि तो ब्रूच होय. आमचें मत असें झालें आहे कीं, अंगठीस ग्रंथकारानें दिलेलें उत्तर ह्या लहानशा काट्यांत सांपडतें.

प्रथम ब्रूच म्हणजे काय हें पाहूं. ही वस्तु आपल्याकडे पाहुणी म्हणून आली. नऊवारी लुगडें काय, धोतर काय, आपलें वस्त्र निऱ्या, काष्टा व पदर ह्यांच्याच बळावर अंगावर ठरतें; त्यास काट्याची गरज नाहीं. गेल्या शतकाच्या आरंभींच्या छायाचित्रांतून शिकलेल्या घरच्या स्त्रियांच्या खांद्यावर ब्रूच दिसूं लागतें, तें बाहेर पडलेल्या स्त्रीच्या नव्या राहणीचें चिन्ह म्हणून. युरोपांतील थंड प्रदेशांत गोष्ट निराळी होती. तेथें लोकरीचें जाड चौकोनी प्रावरण खांद्यावरून घेत, आणि गुंड्यांची चाल रूढ होण्यापूर्वीं तें गळ्याशीं किंवा खांद्याशीं अडकविण्यास काटा अवश्य लागे. रोमन लोक त्यास 'फिबुला' म्हणत. त्याची एक जात आपल्या घरांतल्या सेफ्टी पिनेसारखीच असे: तारेस वेटोळें देऊन तिच्यांत ताण आणावयाचा व टोंक आंकड्यांत अडकवावयाचें. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटनें १८४९ सालीं सेफ्टी पिनेचें पेटंट घेऊन त्याचे हक्क ४०० डॉलरांस विकले, तें त्या पुरातन युक्तीचेंच नवें रूप. दुसरी जात आयर्लंड व स्कॉटलंड ह्या भागांतली. एका बाजूस फट असलेलें कडें व त्यावर फिरणारा लांब काटा. काटा कापडांतून ओवून फटींतून वर काढावयाचा आणि कडें जरा फिरवावयाचें, कीं कापडाच्याच ताणानें तें घट्ट बसे. उलट फिरविलें कीं सुटे.

ह्या साध्या युक्तीवर पुढें कारागिरांनीं आपलें सारें कसब ओतलें. आयर्लंडमध्यें १८५० सालीं सांपडलेलें व आज डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत असलेलें 'टारा ब्रूच' सन ७०० च्या सुमाराचें आहे. त्याची मागील बाजू, जी लावल्यावर कोणासहि दिसावयाची नाहीं, तीहि पुढच्या बाजूइतक्याच बारकाईनें नक्षीदार केलेली आहे. ती शोभा केवळ धारण करणाऱ्यानें जाणावी.

ब्रूचाचा आणखी एक उपयोग म्हणजे ओळख पटविणें. होमरच्या 'ओडिसी' काव्याच्या एकोणिसाव्या सर्गांत वीस वर्षांनीं भिकाऱ्याच्या वेषांत घरीं आलेला ओडिसियस आपल्या पत्नीस, पेनेलोपीस, सांगतो कीं मीं तुझ्या पतीस पाहिलें होतें. ती परीक्षा घेते: त्याच्या अंगावर काय होतें तें सांग. तेव्हां तो जांभळ्या प्रावरणाचें व त्यावरील सोन्याच्या ब्रूचाचें वर्णन करतो; त्यावर ठिपकेदार पाडसास पुढच्या पायांत दाबून धरणारा कुत्रा कोरलेला होता. हें ऐकतांच पेनेलोपीस रडूं आवरत नाहीं, कारण निघतेवेळीं तें तिनेंच दिलें होतें. अशोकवनांतील मुद्रिका, सीतेचा चूडामणि आणि शकुंतलेची हरवलेली अंगठी ज्यांच्या कानांवर लहानपणापासून पडली आहे त्यांस ह्या प्रसंगाचें मर्म विवरून सांगावयास नको. जेथें माणसाचा शब्द पुरत नाहीं तेथें त्याच्या अंगावरची वस्तु साक्ष देते.

आतां टोल्किन ह्यांच्या कल्पसृष्टींत शिरूं. पहिलें ब्रूच भेटतें तें थडग्यांत. प्रवासाच्या आरंभीं चार हॉबिट धुक्यांत वाट चुकून प्राचीन राजांच्या समाधींच्या टेकाडांवर येतात व तेथील पिशाचाच्या तावडींत सांपडतात. टॉम बॉम्बॅडिल नामक एक गाणारा, आनंदी वनपुरुष त्यांस सोडवितो. टेकाडाच्या पोटांतील सर्व धन तो उन्हांत आणून ठेवतो आणि जो सज्जन प्राणी येईल त्याचें तें असो असें म्हणतो. कारण धन मोकळें झालें म्हणजेच तेथील जादू मोडणार. स्वतःच्या पत्नीसाठीं, गोल्डबेरीसाठीं, तो एवढी एकच वस्तु उचलतो: निळ्या खड्यांचें एक ब्रूच, ज्याच्या छटा जवसाच्या फुलांसारख्या किंवा निळ्या फुलपांखराच्या पंखांसारख्या होत्या. पण तें उचलतांना तो बराच वेळ त्याकडे पाहत राहतो. पूर्वीं कोणीएक सुंदर स्त्री तें खांद्यावर धारण करीत असे हें त्यास आठवतें. आतां गोल्डबेरी तें लावील, आणि आम्ही तिला विसरणार नाहीं, असें तो सांगतो. त्या स्त्रीचें नांवहि ग्रंथांत येत नाहीं. तिची आठवण थडग्यांतील अंधारांत जपली जात नव्हती. ती दुसरीच्या खांद्यावर आली तेव्हां जिवंत झाली.

टोल्किन ह्यांनीं १९३६ सालीं ब्रिटिश अकॅडमीपुढें 'बेओवुल्फ' ह्या जुन्या इंग्रजी काव्यावर एक गाजलेलें व्याख्यान दिलें होतें. त्या काव्याच्या शेवटीं अजगराच्या बिळांतून मिळविलेलें धन लोक वीराच्या समाधींत पुन्हां पुरून टाकतात, आणि तें पूर्वींइतकेंच निरुपयोगी होऊन पडतें. बॉम्बॅडिलनें केलें तें नेमकें ह्याच्या उलट. आणि विलक्षण गोष्ट अशी कीं, त्या व्याख्यानानंतर तीनच वर्षांनीं, १९३९ सालीं, इंग्लंडांतील सफोक परगण्यांत सटन हू येथें एका टेकाडाच्या पोटांत सातव्या शतकाच्या आरंभींची खरीखुरी नौका-समाधि सांपडली. तिच्यांत खांद्यावरचे दोन सोन्याचे फासे होते. प्रत्येक फासा दोन वक्र भागांचा, मध्यें बिजागरी, आणि बिजागरींतून काढतां-घालतां येणारा, सांखळीस बांधलेला काटा. वर तांबड्या माणकांसारख्या खड्यांचें जडावकाम आणि एकमेकांत गुंतलेले रानडुकर. न्यायचौकशीअंतीं हा सर्व ठेवा जमिनीच्या मालकीण एडिथ प्रेटी ह्यांचा ठरला. त्यांनीं तो स्वतःपाशीं न ठेवतां ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. कल्पनेंतील वनपुरुष आणि सफोकमधील ही विधवा गृहिणी, दोघांनींहि एकच गोष्ट केली.

दुसरें ब्रूच आमच्या वाचक-भगिनींच्या मनास अधिक भिडेल. लोरिएन नांवाच्या वनांत एल्फ लोकांची राणी गॅलाड्रिएल राहते. (एल्फ म्हणजे आपल्या यक्षगंधर्वांच्या जवळचे, पण मानी व दुःख जाणणारे दीर्घजीवी लोक.) निरोपाच्या वेळीं ती ॲरागॉर्न नामक अज्ञातवासांतील राजास चांदीचें ब्रूच देते. पंख पसरलेल्या गरुडाचा आकार, आणि मध्यें स्वच्छ हिरवें मोठें रत्न. हें रत्न तिनें आपल्या मुलीस दिलें होतें, मुलीनें तिच्या मुलीस, म्हणजे आर्वेनला. आणि आर्वेननें तें आपल्या नियोजित वरासाठीं आजीपाशीं ठेवलें होतें. आजी, लेक, नात असा स्त्रियांच्या हातून प्रवास करीत तें पुरुषाच्या छातीवर येतें आणि त्यास नवें नांव देतें. पुढें नगरांतील लोक त्यास त्या हिरव्या रत्नावरूनच ओळखूं लागतात, व तेंच त्याचें राजनाम होतें. तरवारीनें राज्य मिळालें असेल, पण नांव मिळालें तें बायकांनीं जपलेल्या व वेळेवर हातावेगळ्या केलेल्या एका काट्यामुळें. हा भाग आम्हांस समजावून सांगतांना आमची भाची आमच्याकडे पाहत नव्हती, हें येथें नमूद केलें पाहिजे.

तिसरें ब्रूच अगदीं साधें आहे. ॲरागॉर्नचे आप्त, उत्तरेकडील रानावनांत गस्त घालणारे वीर, त्याच्या मदतीस धांवून येतात. त्यांच्या घोड्यांवर वा शस्त्रांवर सोनें नाहीं, रत्न नाहीं, कसलेंहि भूषण नाहीं. फक्त प्रत्येकाचें राखी प्रावरण डाव्या खांद्याशीं किरणें असलेल्या चांदीच्या ताऱ्यानें अडकविलेलें आहे. राज्य जाऊन शतकें लोटलीं, वैभव गेलें, लोक त्यांस भटके समजून हिणवूं लागले. एवढा तारा मात्र राहिला. ज्या घराण्यांनीं पडता काळ पाहिला आहे त्यांस ठाऊक असतें कीं, कुलाचा अभिमान मिरविण्यास एवढें पुष्कळ होतें.

चौथें ब्रूच तेंच, ज्यामुळें हा लेख लिहिण्याचा योग आला. लोरिएन सोडतांना तेथील लोक आठहि प्रवाशांस आपल्या हातचीं प्रावरणें देतात, आणि प्रत्येक प्रावरण गळ्याशीं हिरव्या पानासारख्या, रुपेरी शिरांच्या ब्रूचानें अडकविलेलें असतें. परक्यांस आपला वेष देण्याचा त्या लोकांचा तो पहिलाच प्रसंग. हीं प्रावरणें जादूचीं आहेत काय, असें पिपिन हा सर्वांत धाकटा हॉबिट विचारतो. तेव्हां उत्तर मिळतें त्याचा आशय असा कीं, तुम्ही जादू कशास म्हणतां तें आम्हांस कळत नाहीं, परंतु आम्ही जें जें करतों त्यांत आमच्या आवडत्या सर्व वस्तूंचें चिंतन उतरलेलें असतें. आपल्या आजीनें विणलेल्या लोकरीच्या टोपड्याबद्दल कोणी विचारलें असतें तर ह्याहून निराळें काय सांगितलें असतें?

पुढें ऑर्क नामक राक्षसगण पिपिन व त्याचा सोबती मेरी ह्यांस पकडून दिवसरात्र पळवीत नेतात. हात मनगटांशीं बांधलेले. पाठलागावर कोणी असेल कीं नाहीं ह्याची खात्री नाहीं. एका क्षणीं पिपिन टोळीच्या बाहेर उसळी घेतो, बांधल्या हातांनीं गळ्याशीं चांचपून ब्रूच सोडवितो, आणि राक्षसांचीं नखें अंगावर पडत असतांनाच तें गवतांत टाकतो. कोणास तें सांपडेल अशी आशाहि त्याच्या मनांत फारशी नसते. मागून ॲरागॉर्न, लेगोलास व गिम्ली असे तिघे माग काढीत येतात. हिंवाळ्यांतल्या त्या सकाळीं गवतांत कांहींतरी चमकतें, जणूं अवेळीं फुटलेलें बीच झाडाचें कोंवळें पान. हें आपोआप पडलेलें नाहीं, टाकलें आहे, हें ॲरागॉर्न तत्काळ ओळखतो. म्हणजे निदान एक जण जिवंत आहे व त्याचें डोकें ठिकाणावर आहे. कंटाळलेल्या पावलांस त्यामुळें बळ येतें.

ह्याच जातीचें दुसरें पान निराळ्या ठिकाणीं साक्ष देतें. फ्रोडो हा फॅरामिर नांवाच्या सेनानीच्या हातीं सांपडतो. फॅरामिरचा वडील बंधु बॉरोमिर मरण पावलेला असून त्याच्या शवाच्या कमरेस एक अपूर्व सोनेरी पट्टा फॅरामिरनें पाहिलेला असतो. फ्रोडो गळ्याजवळच्या पानास हात लावून सांगतो कीं, तो पट्टा व हें पान एकाच ठिकाणच्या कारागिरीचें. फॅरामिर जवळून पाहतो व मान्य करतो. परक्या दोघांत विश्वासाचा पहिला धागा जोडला जातो तो येथें.

पण चिन्हाची शक्ति दुधारी असते, हेंहि ग्रंथकार लपवीत नाहीं. अखेरच्या युद्धापूर्वीं सॉरॉनचा दूत शत्रुसेनेपुढें येऊन एक तरवार, एल्फांचें ब्रूच लावलेलें राखी प्रावरण व फ्रोडोचें चिलखत दाखवितो. बघा, तुमचा माणूस आमच्या कैदेंत आहे, शरण या. प्रेमानें दिलेली खूण तेथें काळजावर वार करण्याचें शस्त्र होते. सर्वांचे चेहरे उतरतात. एकटा गँडाल्फ धीर न सोडतां तें सामान दूताच्या हातून हिसकावून घेतो व अटी झिडकारतो. खुणेंत अर्थ भरतें तें देणाऱ्याचें मन. ती हिसकावून घेणाऱ्याच्या हातांत नुसती जिन्नस उरते.

आतां अंगठीकडे वळूं. ती दिसावयास अगदीं साधी: ना खडा, ना नक्षी. अग्नींत धरली तरच तिच्यावरचीं अक्षरें दिसतात. तिच्यांत सुटण्याची सोयच नाहीं. गॉलम नांवाचा दुर्दैवी प्राणी तिला जवळजवळ पांचशें वर्षें अंधाऱ्या गुहेंत घेऊन बसला आणि माणूसपण हरवून बसला. बिल्बो ह्या सज्जन वृद्धास आपल्या १११ व्या वाढदिवशीं ती मागें ठेवून जावयाची होती, तरी गँडाल्फनें निक्षून सांगेपर्यंत त्याचा हात तिच्यावरून निघेना. आणि स्वतः फ्रोडो, ज्यानें तिच्या नाशासाठींच सारें सोसलें, तोहि ज्वालामुखीच्या कांठावर उभा राहून ती टाकूं शकला नाहीं. गॉलमनें त्याचें बोट चावून तोडलें व अंगठीसह तो अग्नींत कोसळला, तेव्हांच ती सुटली.

वर्तुळाला टोंक नसतें, ब्रूचाला असतें. तें लावतांना वस्त्रास किंचित् टोंचतें, पण वस्त्र फाडीत नाहीं, आणि उलट फिरवितांच सुटतें. अंगठी म्हणते, 'तूं माझा.' ब्रूच म्हणतें, 'हें कोणीं दिलें तें विसरूं नको.' ह्या ग्रंथांतील एकहि ब्रूच कोणीं स्वतःसाठीं घडवून घेतलेलें किंवा दुसऱ्याचें ओढून घेतलेलें आढळत नाहीं. निळें थडग्यांतून मोकळें झालेलें, गरुडाचें स्त्रियांनीं हातोहात दिलेलें, ताऱ्याचें पूर्वजांच्या मानाचें, पानाचें यजमानांनीं पाहुण्यांस अर्पिलेलें.

येथें एक आक्षेप संभवतो: मग काय वडिलार्जित वस्तु रस्त्यावर टाकाव्यात? तसें मुळींच नाहीं. पिपिनला तें ब्रूच नकोसें झालें नव्हतें. पुढें इझेन्गार्ड येथें ॲरागॉर्न तें त्यास परत देतो, तेव्हां पिपिन कबूल करतो कीं टाकतांना काळीज तुटलें, पण दुसरें करणार तरी काय? ॲरागॉर्न म्हणतो तें असें कीं, वेळ आली असतां ज्याला आपला ठेवा सोडतां येत नाहीं तो बेडींत अडकलेला समजावा. तूं केलेंस तें योग्यच. ह्यांत वैराग्याचा देखावा नाहीं. ज्या वस्तूवर प्रेम आहे तीच सोडण्यास मोल येतें. आणि जें सोडलें तेंच फिरून हातीं आलें, तेंहि पहिल्याहून अधिक अर्थाचें होऊन.

आम्ही हें वाक्य वाचून पुस्तक मिटलें तेव्हां रात्र बरीच झाली होती. बँकेंतील डबा आम्हीं कशासाठीं जपला होता? मातोश्रींच्या आठवणीसाठीं, असें आम्ही आजवर समजत होतों. पण आठवण जपावयाची असती तर वर्षांतून एकदां तरी डबा उघडला असता. खरें सांगावयाचें तर ती वस्तु आमची आहे, एवढेंच आम्ही जपलें होतें. आणि मागणारी कोण? मातोश्री सभेस निघाल्या कीं त्यांच्या खांद्याशीं तें ब्रूच लावून देण्याचें काम जिच्याकडे असे, तीच.

दिवाळीपूर्वीं आम्हीं डबा घरीं आणला. चांदी काळवंडली होती, काटा मूळाशीं सैल झाला होता. आमच्या नेहमींच्या सोनारानें पाहून सांगितलें कीं, मोडींत घातलें तर फारसें येणार नाहीं, डाख देऊन काटा बसवितां येईल. काटा बसवून घेतला. भाऊबीजेस भगिनी आली, तिनें ओवाळलें. आम्हीं तबकांत नेहमींच्या पाकिटाऐवजीं तें ब्रूच ठेवलें. ती कांहीं वेळ बोलली नाहीं. मग तिनें तें उचललें, अंगठ्यानें काटा दाबून पाहिला आणि म्हणाली, "डावीकडे जरा सैलच बसतोय, दादा. आईचाहि असाच बसायचा." मग पदर सांवरून तिनें तें मुलीच्या हातीं दिलें आणि खांदा पुढें केला.